हातानं कापलेली खाण

२ सप्टेंबर २०२४

सकाळी मी बूट घालत होतो तर पिंकी दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "दादा, परवापासून आमचा वर्ग तुह्या लॅबमध्ये येऊन राहिला. तिथं मले ओळखू नको."

"काहून?"

"असंच. कॉलेजात मी श्वेता मेश्राम. तू लॅबचा अंकुश दादा. बस."

मागचं वर्षभर हा प्रश्न आला नव्हता. आर्किटेक्चरची पहिल्या वर्षाची पोरं आमच्याकडे येत नाहीत. लेझर, लाकूड कोरायचा राउटर, थ्रीडी प्रिंटर हे सगळं दुसऱ्या वर्षापासून. तिची इमारत वेगळी, माझा जिना वेगळा. आडनावावरून कोणाच्या ध्यानात यायचं कारण नाही, मेश्राम नागपुरात पायलीचे पन्नास.

मी बरं म्हणालो. दुसरं काय म्हणणार? पण गाडी चालवताना डोक्यात तेच. या कॉलेजचा फॉर्म मीच तिला आणून दिला होता. पोरगी घरं बांधायचं शिकते तर शिकू दे, हे आईला मीच समजावलं. आजही मी कंत्राटावर आहे हे खरं, पण लॅबची किल्ली माझ्या खिशात असते. असं काय आहे माझ्यात लाजण्यासारखं?

४ सप्टेंबर

आला त्यांचा वर्ग. नेहमीचं सांगितलं. केस बांधा, ओढणी बाहेर ठेवा, लेझर चालू असताना मशीन सोडून जाऊ नका, आग लागते. सगळी पोरं मला अंकुश दादाच म्हणतात. आजही सगळ्यांनी दादा म्हटलं, त्यात एक आवाज आमच्या घरातला होता आणि कोणाला पत्ता नाही.

पिंकी मागे उभी होती. तिनं एकच प्रश्न विचारला, लेझर कापताना स्वतः किती बोर्ड खातं, म्हणजे दोन तुकडे एकमेकांत बसवायचे तर किती जागा सोडायची? इतकी वर्षं झाली, दुसऱ्या वर्षाच्या पोरानं पहिल्याच दिवशी हे विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "भिंतीवर लावलेलं आहे, वाचून घ्या." मॅडम म्हणणार होतो, तेवढं टाळलं.

मागून मारोतराव हसले. ते आमच्या लाकडाच्या वर्कशॉपचे सुतार, पुढच्या वर्षी रिटायर होणार. त्यांना सगळं माहीत आहे, घरी येणं-जाणं आहे. नंतर म्हणाले, "कायले चिडतं गा पोरीवर? चांगलं तं विचारलं तिनं."

२७ सप्टेंबर

सबमिशनची गर्दी. पिंकीची फाइल सकाळीच आली होती. मी ती मागे टाकली. बहीण म्हणून पुढे घेतलं असं उद्या कोणी म्हणायला नको. दुपारी तिचा नंबर आला तेव्हा आणखी दोन पोरं घाईत होती, त्यांना आधी घेतलं. तिचं मॉडेल उशिरा गेलं, मार्क कापले गेले असतील.

रात्री जेवताना तिनं ताट अर्धं टाकलं. आईनं विचारलं, "काय झालं वं?" तर म्हणे डोकं दुखते.

तिनंच सांगितलं ना ओळखू नको. मग नाही ओळखत.

१३ ऑक्टोबर

काल दसरा. दीक्षाभूमीला जायला उमरेडहून मामा आणि सुमती मावशी आले होते, घरात पाय ठेवायला जागा नव्हती. आई सगळ्यांना सांगत होती, "माहे दोघंही एकाच कॉलेजात हायेत."

मावशीनं मला विचारलं, "म्हणजे तू मास्तर हायेस का गा तिथं?"

मी म्हणालो, "नाही, टेक्निशियन."

पिंकी स्वयंपाकघरातून लगेच बोलली, "मावशी, दादाशिवाय तिथं एक मॉडेल उभं राह्यत नाही. सर लोक त्याच्या मागं मागं फिरतात."

सारवासारव करते. घरात एवढा उमाळा आणि कॉलेजात तोंड फिरवते.

१९ जानेवारी २०२५

पिंकीच्या स्टुडिओला, म्हणजे डिझाइनच्या विषयाला, यंदा रीना मॅडम आहेत. वयानं लहान, बोलायला गोड, पोरांना आवडतात. त्यांनी काम दिलं आहे की आपल्या ओळखीच्या मुलखातली एक जागा घ्या आणि तिचं मॉडेल करा. अट एकच, मशीनला हात लावायचा नाही. जमीन हाताला कळली पाहिजे म्हणे. मी हसलो. लाखो रुपयांची मशीनं धूळ खात ठेवायची आणि पोरांच्या हातात कटर द्यायचा.

पिंकीनं मामाच्या गावाजवळची बंद पडलेली कोळशाची खाण घेतली आहे. उघडी खाण, पायऱ्या पायऱ्यांनी खाली गेलेली, तळाला हिरवं पाणी. लहानपणी आम्ही तिच्या काठावरून दगड टाकत होतो. दर रविवारी ती एसटीनं उमरेडला जाते, टेप आणि मोबाइल घेऊन मोजत फिरते. मामा म्हणतो, पोरगी उन्हात काळी पडली.

आज मी म्हटलं, "फाइल दे, रविवारी लॅब बंद राह्यते. तासाभरात कापून देतो. कडा घासून टाकू, कोणाच्या बापाले समजत नाही."

तिनं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "नको दादा."

"अरे, लोकायची पोरं पाया पडतात यासाठी."

"म्हणूनच नको."

पुन्हा विचारणार नाही.

२३ फेब्रुवारी

घरात चालायची सोय राहिली नाही. नंदनवनच्या या दोन खोल्यांत आधीच जागा किती, त्यात ग्रे बोर्डचे, म्हणजे जाड राखाडी पुठ्ठ्याचे थर पलंगाखाली, फ्रिजवर, देव्हारा नसलेल्या कोनाड्यात बाबासाहेबांच्या फोटोसमोर. एकेक थर म्हणजे खाणीची एकेक उंची. ती नकाशावरून रेघ उतरवते, कटर धरते आणि श्वास रोखून ओढते. वळणावर कटर फिरवत नाही, बोर्ड फिरवते. हे तिला कोणी शिकवलं माहीत नाही. बोटांना पट्ट्या आहेत. आई तिला भरवते तेव्हा ती तोंड पुढे करते, नजर बोर्डावरच.

ती आंघोळीला गेली तेव्हा मी एक थर उचलून पाहिला. कड एकसारखी, कुठं दात नाही. लेझरनं कापलेलं असतं तर कड तपकिरी झाली असती. मी नखानं घासून पाहिलं. मग जसा होता तसा ठेवून दिला.

चांगलं आहे असं म्हणावंसं वाटलं होतं. पण ती बाहेर आली आणि मी म्हणालो, "पसारा आवर, आईले गुडघ्याचा त्रास हाय."

२५ मार्च

आज ज्युरी झाली, म्हणजे बाहेरच्या परीक्षकांसमोर मॉडेलची तपासणी. एवढा चांगला दिवस आणि शेवटी काय झालं ते नीट लिहून ठेवतो.

मोठ्या हॉलमध्ये सगळ्यांची मॉडेलं मांडली होती. मी आणि मारोतराव मागून पाहायला गेलो, आम्ही दरवर्षी जातो. पिंकीच्या मॉडेलभोवती गर्दी होती. वरून पाहिलं तर नुसत्या राखाडी पायऱ्या, पण वाकून पाहिलं की वाटावं आता खालून गार हवा येईल. मारोतरावांनी दोनदा वाकून पाहिलं. मग म्हणाले, "हे आपल्या पोरीनं केलं?" आपल्या म्हणाले.

बोलायची वेळ आली तेव्हा मात्र पिंकी अडखळली. बाहेरून मोठे आर्किटेक्ट आले होते, इंग्रजीत विचारत होते. तिचा हात थरथरत होता, मला मागून दिसत होतं. दोन प्रश्नांची उत्तरं तिनं दिली, तिसऱ्याला खाली पाहत राहिली. पण तो माणूस मॉडेलपासून हलेना. रीना मॅडमला म्हणाला, "हे हातानं केलंय? विश्वास बसत नाही." खुश होऊन म्हणाला, अगदी खुश होऊन.

माझ्या तोंडातून निघून गेलं. "सर, माझी बहीण आहे ती."

सगळे माझ्याकडं वळले. मी लॅबचा निळा कोट घातला होता. तो माणूस हसला, म्हणाला, "अच्छा, म्हणजे लॅब घरातच आहे."

सगळे हसले. मीही हसलो. पिंकी हसली नाही.

घरी आल्यावर तिनं एवढंच म्हटलं, "मी तुले एकच गोष्ट मागतली होती."

मी म्हटलं, "एवढी लाज वाटते का माह्यी?"

ती माझ्याकडं पाहत राहिली, जसं काही मी दुसऱ्याच भाषेत बोललो. मग म्हणाली, "लाज? दादा, मले फक्त एक गोष्ट अशी पाह्यजे होती का ती माहीच हाय असं कोणी म्हणावं."

आता ते कोण नाही म्हणत होतं?

२७ मार्च

विभागप्रमुख जितेंद्र सरांनी बोलावलं. रीना मॅडम बाजूला बसल्या होत्या, फाइलमध्ये पाहत होत्या. सर म्हणाले की परीक्षकांनी शंका नोंदवली आहे. मॉडेल मशीनवर झालेलं दिसतं आणि विद्यार्थिनीचा भाऊ लॅब सांभाळतो.

मी सांगितलं, "सर, तिनं घरी कापलं. मी डोळ्यांनी पाहिलं आहे."

"तू तर तसंच सांगणार." रागावले नव्हते, उलट हसून बोलले. "तुमच्या लोकांत एकमेकांना धरून राहतात, ते मला आवडतं. पण नियम तो नियम."

रीना मॅडमनी तोंड उघडलं, "सर, श्वेताचं काम मी अधूनमधून पाहत होते." सर म्हणाले, "अधूनमधून." मॅडम पुन्हा फाइलमध्ये पाहायला लागल्या.

कड पाहा, जळलेली नाही, हे मी सांगितलं. सर म्हणाले, घासता येते, आणि घासायची युक्ती लॅबच्या माणसाला माहीत असते. जानेवारीत मी पिंकीला हेच म्हटलं होतं.

२९ मार्च

सरांनी नेमलेल्या चौकशी समितीसमोर पिंकी गेली. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "मला बोर्ड आणि कटर द्या, तुमच्यासमोर बसून त्यातले कोणतेही थर पुन्हा कापून दाखवते." हे मला रीना मॅडमनी जिन्यात गाठून सांगितलं, हळूच. समितीला नाही म्हणता आलं नाही. तीन तारीख दिली आहे.

मारोतराव म्हणाले, "झालं मग. पोरगी करते. मी तिचे हात पाह्यले."

त्यांना काय जातं म्हणायला.

१ एप्रिल

ती घरी सराव करून राहिली. आज दोन थर बिघडले. कटर घसरला आणि अंगठ्याला लागला. आईनं हळद लावली. मी म्हटलं, "तिथं पाच जण तोंडाकडं पाहत बसतील. ज्युरीत काय झालं तुह्यं?"

ती म्हणाली, "ज्युरीत बोलाचं होतं. इथं कापाचं हाय."

पण हात थरथरत होता. मी पाहिला.

नाही जमलं तर कॉपी सिद्ध झाली. मग वर्ष गेलं, स्कॉलरशिप गेली आणि नावावर कायमचा डाग. आईला कोण सांगणार?

२ एप्रिल

आज मोठं काम केलं. शांत वाटतं आहे.

दुपारी जितेंद्र सरांनी केबिनमध्ये चहा मागवला, माझ्यासाठीसुद्धा. एकटेच होते. म्हणाले, "अंकुश, उद्याचं मला बरं वाटत नाही. ती मुलगी घाबरट आहे. सगळ्यांसमोर जमलं नाही तर मला काही करता येणार नाही. आणि जमलंच, तर बाहेरून आलेले परीक्षक खोटे पडतात. तेही कॉलेजला अवघड."

मी विचारलं, "मग सर?"

"एक मार्ग आहे. लॅबच्या माणसानं बहिणीच्या मायेपोटी, तिला न विचारता काम करून दिलं, असं असेल तर तिचा दोष राहत नाही. मॉडेलचे मार्क जातील, पण ती पास होईल. आणि उद्याचं काही करायची गरज नाही."

"माझं काय होईल?"

"कंत्राट असंही जूनपर्यंतच आहे. मी चांगलं सर्टिफिकेट देईन."

कागद टाइप होऊनच तयार होता, इंग्रजीत. सरांची कामं अशी नीट असतात. मी दोनदा वाचला आणि सही केली. मॉडेल मी लॅबच्या लेझरवर कापलं आणि कडा घासल्या. सरांनी उठून हात मिळवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

येताना वाटलं, बाबा असते तर त्यांनी हेच केलं असतं. ते गेले तेव्हा पिंकी चौथीत होती, तेव्हापासून तिचं ओझं मी कधी ओझं म्हटलं नाही. तिला आज सांगितलं नाही. तिथं गेल्यावर समजेलच. मग रागवेल, नंतर निवळेल. रागापेक्षा वर्ष मोठं.

३ एप्रिल

सकाळी ती पोहे न खाता गेली. बोर्ड चादरीत गुंडाळून घेतला, नवीन पाती घेतल्या. दारात आईच्या पाया पडली. माझ्याकडं पाहून म्हणाली, "दादा, टेन्शन नको घेऊ." तेव्हा सांगायला हवं होतं.

सरांनी कालच मला कॉलेजात येऊ नको सांगितलं होतं म्हणून घरीच. संध्याकाळी मारोतराव आले. आत बसले नाहीत, दारातच उभे राहून सांगितलं.

ती गेली तर शिपायानं तिला सरांच्या केबिनबाहेर थांबवलं. मग सरांनी आत बोलावून माझा कागद वाचून दाखवला. ती म्हणाली, हे खोटं आहे, मला कापू द्या. सर म्हणाले, आता गरज नाही, तू पास आहेस, घरी जा. ती बाहेर आली, केबिनसमोरच्या व्हरांड्यात फरशीवर बसली, चादर सोडली आणि कापायला लागली.

"कोणी उठवलं नाही?"

"कोण उठवते? पोरं बाजूनं जाऊन राहिली होती, काही थांबून पाहून राहिली होती. सरायनं एकदा दार उघडलं, पाह्यलं अन् लावून घेतलं. रीना मॅडम खांबाजवळ उभ्या होत्या, डोळे पुसत. पुढं नाही आल्या."

"मग?"

"मग काय. जेवणाच्या सुट्टीपर्यंत पाच थर कापले तिनं. मी आत जाऊन, मॉडेलवर ठेवून पाह्यले. एका केसाचा फरक नाही."

"हात थरथरत होता का?"

मारोतरावांनी माझ्याकडं असं पाहिलं की मला विचारल्याचा पस्तावा झाला. "नाही," म्हणाले. "हात नाही थरथरला." आणि गेले. चहाचं विचारलं तर नको म्हणाले.

पिंकी अंधार पडल्यावर आली. मैत्रिणीकडं प्रताप नगरला होती म्हणे. आई आणि मी दोघंही बसून होतो. मीच सुरुवात केली.

"पिंकी, तुह्यासाठी केलं ते."

"माह्यासाठी कराचं होतं तं आज दुपारपर्यंत थांबाचं होतं."

"अन् नसतं जमलं तर?"

"हेच." ती पलंगावर बसली. आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं. "त्या लोकायले वाटलं का माह्याच्यानं होणार नाही, त्याचं मले काही नाही. ते मले वळखत नाहीत. तू तं घरी पाहून राहिला होता ना? रोज पाहून राहिला होता. तरी तुलेही तेच वाटलं."

"मी माही नोकरी देली."

"मागतली होती का मी?"

आई मध्ये पडली, "असं बोलू नको वं भावाले." पिंकी उठली. चादर झटकली, बोर्डाचे बारीक तुकडे वेचून कचऱ्यात टाकले आणि भिंतीकडं तोंड करून झोपली.

मला हेच कळत नाही. नोकरी गेली माझी, बदनामी झाली माझी, आणि या घरात गुन्हेगारही मीच.

१४ एप्रिल

आई आणि पिंकी पांढऱ्या साड्या नेसून सकाळीच संविधान चौकात गेल्या. मला कोणी चल म्हटलं नाही. मीही गेलो नसतो, कॉलेजची पोरं भेटतात तिथं. मग दुपारी एकटाच मागून गेलो, निळ्या झेंड्यांच्या गर्दीत दोघी कुठं दिसल्या नाहीत.

९ मे

प्रताप नगरला एका दुकानात लागलो. लेझर एकच, चिनी, आरसा सारखा हलतो. दारावरच्या पाट्या, लग्नपत्रिकांच्या पेट्या, डॉक्टरांची नावं. दिवसभर लोकांची नावं कापतो. सरांनी सर्टिफिकेट दिलं नाही, म्हणाले ऑफिसात अडकलं आहे.

आज निकालाचं समजलं. पिंकी पास आहे, मॉडेलला शून्य, बाकीच्यात निघाली. मी पेढे घेऊन घरी गेलो. तर ती म्हणते तिनं अर्ज दिला आहे. हा निकाल मला मान्य नाही, मी तो स्टुडिओ पुन्हा करीन. म्हणजे पुढच्या जानेवारीपर्यंत थांबणं. म्हणजे वर्ष गेलंच.

मी ओरडलो. मला ओरडायचं नव्हतं. "मग मी सही कायले केली? माही नोकरी कायले गेली?"

ती म्हणाली, "दुसऱ्याच्या नावानं भेटलेलं पास मले नको."

"दुसरा? मी दुसरा?"

पेढ्यांचा पुडा आईनं उचलून शेजारी देऊन टाकला. रात्री भांडी घासताना आई आपल्याशीच बोलत होती, "दोघंही एकमेकायसाठी मरून राहिले, अन् माह्या घरात संगं जेवाले कोणी नाही."

२० जून

शेवटी आज गेलो. आईनं किती दिवस लावून धरलं होतं की जा आणि खरं सांगून ये. दुकानातून अर्धा दिवस घेतला. मराठीत एक कागद लिहून नेला, की मी एप्रिलमध्ये सही केली ते खोटं होतं, मॉडेल माझ्या बहिणीनं हातानं केलं.

जितेंद्र सरांनी तो वाचला. बसा म्हणाले नाहीत. म्हणाले, "अंकुश, तेव्हा खोटं बोललास की आता बोलतोयस?"

"तेव्हा, सर."

"आता तुझी नोकरी इथं नाही, आता बोलायला काय लागतं. तेव्हा नोकरी घालवून बोलला होतास. लोक कोणतं खरं मानतील, तूच सांग." कागद मला परत दिला. "बहिणीला सांग, पुन्हा करतेय ते चांगलं आहे. कष्टाळू आहे."

लॅबकडं गेलो नाही. तिथं आता नवीन माणूस आहे. वर्कशॉपला कुलूप होतं, मारोतराव रजेवर. दाराकडं निघालो तर समोरच्या मोठ्या हॉलमध्ये काचेची नवी पेटी दिसली, आत दिवे लावलेले. पुढच्या आठवड्यात दिल्लीहून तपासणीला लोक येणार आहेत, शिपाई म्हणाला, म्हणून सगळं चकाचक.

पेटीत पिंकीची खाण होती.

वरून दिवा पडला होता, त्यामुळं तळ काळा दिसत होता, अगदी उमरेडच्या खाणीसारखा. खाली पितळी पाटी. इंग्रजीत लिहिलं होतं, आमच्या डिजिटल फॅब्रिकेशन लॅबमध्ये लेझरवर तयार केलेलं मॉडेल, दुसरं वर्ष. नाव कोणाचंच नाही. पाटी कापली मात्र चांगली होती. शिपायानं दंडाला हात लावला आणि म्हणाला, "चला अंकुश भाऊ, सर पाहतील."

घरी आलो तेव्हा पिंकी खाली बसून ड्रॉइंग करत होती. जानेवारीपर्यंत ती एका ऑफिसात जाते, काम घरी आणते. मी दारात चपला काढल्या. मग म्हटलं, "तुह्यं मॉडेल तिथं ठेवलं हाय. काचेत."

"माहीत हाय. परीक्षा झाली तेव्हापासून हाय."

"अन् पाटी वाचली तू?"

"हाव."

"मग काही बोलली काहून नाही? त्यायच्या तोंडावर म्हणाचं होतं का हे मशीनचं नाही."

तिनं पेन्सिल खाली ठेवली नाही. रेघ पूर्ण केली, पट्टी उचलली आणि मग माझ्याकडं पाहिलं.

"काय म्हणू, दादा? त्यायच्यापाशी तुही सही हाय."

आई आतून म्हणाली, या जेवायला. पिंकीनं कागद गुंडाळला, आपलं ताट घेतलं आणि गच्चीवर गेली. मी आणि आई जेवलो. आईनं दोनदा विचारलं, काय म्हणाले सर, काय म्हणाले. मी म्हटलं, पाहतो म्हणाले.